दारावरचा कडुलिंब

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या मुलखावर कोण राज्य करत होते हे राजाला आणि राणीला तेवढे ठाऊक होते; गावाचे त्यावाचून काही अडत नव्हते. लहानांनो, तुम्ही पुढे सरकून बसा. थोरांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण ऐका नीट, कारण ही गोष्ट लहानांपेक्षा तुमच्याच जास्त कामाची आहे.

एका ओढ्याकाठच्या गावात एक शेतकरी राहत होता. त्याचे पाळण्यातले नाव काय होते कोण जाणे, सारे गाव त्याला घोडेमामा म्हणत असे. दुसऱ्यांच्या दारात बैल, याच्या दारात घोडा. घोड्याचे नाव पाखऱ्या. शेतातून पेंढ्या वाहून आणायला पाखऱ्या, बाजाराला जायला पाखऱ्या, आणि संध्याकाळी सुखदुःखाच्या चार गोष्टी करायलाही पाखऱ्याच. मामाची बायको देवाघरी गेली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या गावी नांदत होती. घोडा सगळे ऐकून घेतो आणि उलट उत्तर करत नाही. त्यामुळे मामाला घोड्याशी बोलायची सवय लागली आणि माणसांशी बोलायची मोडली.

मामा वाईट नव्हता बरे का. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण त्याला एक खोड होती. तो अर्धेच बोलत असे. उरलेले अर्धे समोरच्याला आपोआप कळावे, अशी त्याची अपेक्षा. आणि समोरचा गप्प बसला, की त्या गप्प बसण्याचा अर्थ मात्र तो स्वतःच लावून मोकळा होई. आता असे आणखी कोण कोण करते, ते मी विचारणार नाही.

आदल्या वर्षी त्याच्या बांधाशेजारच्या हैबतीच्या मुलाचे लग्न निघाले. हैबती हात जोडून आला. म्हणाला, "मामा, वरातीला पाखऱ्या द्या की. एका रातीचा तर प्रश्न."

मामा म्हणाला, "न्हाई जमायचं."

का जमायचे नाही, ते त्याने सांगितले नाही. नवरदेव पायी देवदर्शनाला गेला. त्या दिवसापासून हैबती बांधावर भेटला की रामराम करी, पण थांबत नसे. मामाने मनाशी धरून टाकले, की हैबती आपल्यावर डूख धरून आहे. मग हळूहळू त्याला वाटू लागले, की हैबतीच काय, सगळे गावच आपल्यावर डूख धरून आहे. एकट्या माणसाच्या मनात असे विचार गवतासारखे वाढतात. खुरपायला कोणी नसते.

तर त्या वर्षी फाल्गुनात लेक माहेरपणाला येणार होती. मामा भेटेल त्याला सांगत सुटला, "लेक येणार हाय, नातवाला घेऊन. पयल्यांदाच." पंधरा दिवस हेच. मग लेकीचा निरोप आला, की बाळाला दात येताहेत, अंग कसकसते आहे, आता वैशाखात येऊ. हा निरोप काही मामाने कोणाला सांगितला नाही. नातवासाठी घासून ठेवलेली छोटी वाटी त्याने पुन्हा फळीवर पालथी घातली आणि तो कामाला लागला.

आणि दोनच दिवसांनी पाखऱ्या आजारी पडला.

सकाळी मामा वैरण घेऊन गेला तर घोडा मान लांब करून उभा. वैरणीला तोंड नाही, पाण्याला तोंड नाही. मामाने त्याच्या जबड्याखाली हात घातला. बेचक्यात नारळाएवढी गाठ होती आणि ती तव्यासारखी तापली होती.

मामाचा बाप घोड्यांत म्हातारा झालेला माणूस. त्याने मुलाला सांगून ठेवले होते, "घोड्याला गळ्याशी असं गळू आलं की शेकत राहायचं. कच्च्याला चाकू लावायचा नाही, आणि पिकल्यावर घटकाभरही थांबायचं नाही. पिकलेलं गळू श्वास दाबतं. मग घोडा बसतो, आणि बसलेला घोडा पुन्हा उठत नाही." मामाला हे शब्द अगदी जसेच्या तसे आठवले.

त्यात भर म्हणजे शेतात गहू पिकून खणखणत होता. दक्षिणेकडे आभाळ तांबूस काळे झाले होते. ते गारांचे आभाळ होते, आणि आज गहू घरात आला नाही तर उद्या तो चिखलात मिळणार होता. म्हणजे काम दोन माणसांचे आणि घरात माणूस एक.

"पाखऱ्या, तू उभा राहा," मामा म्हणाला, "बाकीचं मी बघतो."

वाऱ्याचा त्रास नको म्हणून त्याने घोड्याला घरापुढच्या पडवीत आणून बांधले. जवस कुटला, दुधात शिजवला, फडक्यात घालून त्याचे पोटीस गाठीवर बांधले. चुलीवर पाणी चढवले. ज्वारीची पातळ पेज केली आणि कोमट करून ठेवली. एवढे होईतो उन्हे वर आली आणि माश्या आल्या. घोड्याच्या डोळ्यांवर, नाकाला आलेल्या पाण्यावर, पोटिसाच्या दुधावर घोंगावू लागल्या. मान हलवली की घोड्याला कळ येई, आणि माश्या आल्या की तो मान हलवी.

मामाने परड्यातल्या कडुलिंबावर कोयता चालवला. डहाळ्या आणल्या. पडवीच्या खांबांना बांधल्या, आडव्या वाशाला इतक्या दाट टांगल्या, की बाहेरून घोडा दिसेना, आणि राहिलेला मोठा डहाळा घराच्या दारावर अडकवला. माश्या हटल्या. मामाला बरे वाटले. विळा उचलून तो शेताकडे धावला.

आता इथे जरा थांबा. लहानांना ठाऊक नसेल, थोरांना ठाऊक आहे. त्या काळी घरात कोणाला देवी आल्या, म्हणजे अंगावर फोड उठून ताप चढला, की दारावर कडुलिंबाचा डहाळा लावत. तो डहाळा दिसला की गाव समजून घेई. त्या घरात कोणी पाऊल टाकायचे नाही. त्या घराला हाक मारायची नाही, तिथल्या हाकेला ओ द्यायची नाही, कारण हाकेमागून देवी दुसऱ्या घरी जाते अशी समजूत होती. लांबूनच हात जोडायचे, थंड दहीभात त्या घराच्या कुंपणाशी ठेवायचा आणि मुकाट्याने निघून जायचे. त्या मुकाट्यालाच तिथे माया म्हणत.

मामाला हे ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. पण त्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढे माश्या होत्या, देवी नव्हती. शिवाय तो घराच्या आतून बाहेर बघत होता. आपल्या दारावर काय लटकते आहे, ते दारातून बाहेर पडणाऱ्याला दिसत नाही, येणाऱ्याला दिसते.

येणारी पहिली होती सारजा, हैबतीची बायको. रोज सकाळी ओढ्यावरून पाणी नेताना ती कुंपणापाशी थांबून हाक मारी, "मामा, उठलासा का?" नवरा बोलत नव्हता, पण ही बोलत होती. मामा त्यावर नुसते "हूं" म्हणे. मात्र ती हाक आली नाही तर त्याला दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे.

त्या दिवशी सारजा आली, कुंपणापाशी थांबली आणि दारावरचा डहाळा बघून तिचा चेहराच उतरला. लेक आणि नातू येणार हे तिने मामाच्याच तोंडून दहा वेळा ऐकले होते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, खाली वाकून मातीला हात लावला आणि एक अक्षर न बोलता वाट सोडून शेतातून निघून गेली.

मामाने शेतातून मान वर केली तेव्हा त्याला तिची पाठ तेवढी दिसली.

"हिचंही तोंड फिरलं," तो स्वतःशी म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.

मग सगळी सकाळ अशीच गेली. मामा गव्हाच्या चार पाती, म्हणजे चार ओळी, कापी, विळा टाकून घराकडे धावे, पोटीस बदले, गरम पाण्याने गाठ शेके, पेजेचे चार घोट घोड्याच्या ओठांत सोडे आणि पुन्हा शेताकडे धावे. परत येईतो कापलेला गहू वाऱ्याने विस्कटलेला असे. तो गोळा करून पेंढी बांधावी, तर शेकायची वेळ झालेली असे. म्हशीची धार काढायची राहिली ती राहिलीच. ती दावणीला ओरडत होती. सकाळपासून त्याच्या स्वतःच्या पोटात पाणीसुद्धा नव्हते.

एरवी सुगीच्या दिवसांत शिवार कसे बोलते असते. या बांधावरून त्या बांधावर चेष्टा चालते, कोणी गाणे म्हणतो, कोणी तंबाखू मागतो. त्या दिवशी मामाच्या रानाच्या चारही बाजूंना माणसे होती, पण तो दिसला की बोलणे थांबे. शेळ्या घेऊन चाललेल्या धनगराने त्याच्या कुंपणापासून शेळ्या वळवून लांबच्या वाटेने नेल्या. समोरून येणाऱ्या दोघी बायका उभ्या राहिल्या, खाली बघत राहिल्या, आणि तो पुढे गेल्यावर चालू लागल्या.

मामाला वाटले, पाखऱ्या आजारी आहे हे यांना कळले आहे, आणि यांना आनंद झाला आहे. एवढ्या माणसांत इतके एकटे त्याला कधीच वाटले नव्हते, बायको गेली त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी निदान लोक रडत तरी होते.

ऐन दुपारी त्याने गाठीवर बोट दाबले तर बोट मऊ जागेत रुतले. गळू पिकले होते. पाखऱ्याच्या श्वासाला आता शिटी येत होती. मामाने चाकू विस्तवात तापवला, निववला आणि घोड्याच्या गळ्याशी नेला. पाखऱ्या असा उसळला, की मामा खांबावर जाऊन आदळला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चाकू हातातून उडाला. एका हाताने डोके धरून दुसऱ्या हाताने चीर द्यायची हे एकट्याचे कामच नव्हते. एक जण डोके धरायला हवा, एक जण पुढचा पाय उचलून धरायला हवा.

मामा पडवीत उभा राहून विचार करू लागला. जायचे म्हणजे हैबतीकडे जायचे. सगळ्यांत जवळचा बांध त्याचाच होता. त्याने घोड्याकडे पाहिले, अभिमान गिळला आणि बांधावर गेला.

हैबती आपल्या घरच्यांसह गहू कापत होता. मामाला बांधावर बघून त्याने विळा खाली ठेवला.

"हैबती," मामा म्हणाला, "येतोस का जरा? एकट्याच्यानं धरवत न्हाई."

काय धरवत नाही, ते तो बोलला नाही. बोलायचे अर्धे बोलून झाले होते.

हैबतीला वाटले, तापात तडफडणारे लेकरू धरवत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याच्या घरी सून बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. देवीच्या घरी पाऊल टाकून त्या घरी परत जायचे, हे त्याच्याने होण्यासारखे नव्हते. ओ द्यायची सोय नव्हती. त्याने तोंडावर हात धरला, तीन पावले मागे सरकला, हात जोडले, आणि मग मामाच्या घराकडे बोट दाखवले. घरी जा, लेकरापाशी बस, असे त्याला म्हणायचे होते.

मामाला दिसले ते एवढेच, की शेजाऱ्याने आपल्याला बोट दाखवून हाकलून दिले.

"असं काय? बरं," तो म्हणाला, आणि माघारी वळला. का रे बाबा, असे त्याने विचारले नाही. विचारले असते तर हैबतीने निदान दाराकडे नीट बोट केले असते. पण मामाला उत्तर ठाऊक होते ना! आधीच उत्तर ठाऊक असलेला माणूस प्रश्न कशाला विचारील?

तो तरातरा कुंपणापाशी आला आणि तिथे थबकला. फाटकाशी केळीच्या पानावर दहीभात ठेवला होता. त्यावर हळदकुंकू वाहिले होते, बाजूला एक पिवळे लिंबू होते, आणि ताकाचे लहान मडके होते.

आता हळदकुंकवाचा दहीभात आणि लिंबू म्हटले की दुसरेही काही आठवते की नाही? आपल्या घरची पीडा उतरवून दुसऱ्याच्या वाटेवर टाकतात, तो उतारा. मामाला तेच आठवले. एवढा वेळ त्याला नुसते वाटत होते, आता पुरावाच मिळाला.

"मरणाऱ्या जनावरावर करणी करता काय रे!" तो मोठ्याने ओरडला, आणि त्याने त्या पानाला लाथ मारली. भात धुळीत उडाला. मडके दगडावर फुटले. समोरच्या शिवारात सगळी माणसे जागच्या जागी उभी राहिली. शब्द कोणाला नीट ऐकू आले नाहीत, लाथ मात्र सगळ्यांना दिसली. सारजा मटकन बांधावर बसली.

मामा पडवीत आला आणि पाखऱ्याजवळ खाली बसला. गव्हाकडे जायचे त्याच्या मनातून निघून गेले. आभाळ अर्ध्यावर आले होते. तो नुसता शेकत राहिला. पिकलेल्या गळवाला शेकून आता काही होणार नव्हते, पण हाताला दुसरे काम नव्हते. घोड्याचा श्वास शिटी घालत आत जाई आणि अडखळत बाहेर येई.

"आपल्याला कुणी न्हाई बाबा," मामा त्याला म्हणाला. "तुला मी, आन मला तू. तू गेलास तर मी दाराला कडी लावून आत बसणार बघ."

पाखऱ्याचे पुढचे गुडघे लटपटू लागले. बापाचे शब्द मामाला पुन्हा आठवले. त्याने घोड्याच्या छातीखाली खांदा दिला आणि त्याला उभे धरून ठेवले. एवढे मोठे जनावर, त्याचा भार एका म्हाताऱ्या खांद्यावर किती वेळ राहणार!

उन्हे कलली तेव्हा वाटेवर काठीची टकटक ऐकू आली. ती ठकूआजी होती. ठकूआजीला लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, डोळे गेले. ज्याच्या अंगी देवी एकदा येऊन गेली त्याला ती पुन्हा शिवत नाही, असे म्हणत. म्हणून देवीच्या घरी जायचे झाले तर गावात तिचाच मान होता. लाथ बघून घाबरलेल्या गावाने तिला घाईघाईने पाठवले होते.

ठकूआजी थेट पडवीत आली. चाचपडत तिने मामाचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"रड बाबा," ती म्हणाली. "मोकळा रड. दाबून धरू नगं."

दिवसभरात मामाशी कोणी बोललेले हे पहिले शब्द. तो खरोखरच रडू लागला. घोड्याच्या छातीखाली खांदा तसाच ठेवून तो हमसून हमसून रडला.

आजी म्हणाली, "कवा गेलं?"

"अजून गेला न्हाई, आजे. पर जाईल आता. पाय लटपटायला लागलेत."

"दोन वर्साचंसुदिक न्हवतं गं बाय," आजी डोळे पुसत म्हणाली.

मामा थांबला. "कोण? पाखऱ्या सतरा वर्साचा हाय."

"पाखऱ्या? घोडा?" आजीचाही हात थांबला. "मी लेकराचं इचारतीया. तुझ्या नातवाचं."

"नातू त्याच्या घरी हाय. लेक आलीच न्हाई. त्येला दात येत्यात."

ठकूआजीने हात पुढे केला. तो घोड्याच्या तापलेल्या मानेला लागला. मग तिने नाक वर करून हुंगले.

"मग हा लिंबाचा वास कसला? दारावर डहाळा कशापायी लावलास, मुडद्या?"

"माश्यांसाठी," मामा म्हणाला.

बोलल्यावर त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले. त्याने मान वळवून, सकाळपासून पहिल्यांदा, आपल्या दाराकडे बाहेरून बघावे तसे बघितले. डहाळा वाऱ्यावर हलत होता. सारजाचा पुढे ओढलेला पदर, धनगराच्या वळवलेल्या शेळ्या, हैबतीचे जोडलेले हात, सगळे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आले. शेवटी धुळीत उडालेला भात आठवला आणि त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले.

"आजे, तो दहीभात कुणी ठेवला व्हता?"

"सारजानं. तुझ्या नातवासाठी सकाळपासनं उपाशी हाय ती."

 मामाने आजीला घोड्याच्या मानेला धरून उभे केले, आणि तो पळत दारापाशी गेला. त्याने डहाळा ओढून काढला, खांबावरच्या डहाळ्याही ओरबाडून काढल्या, सगळा कडुलिंब कुंपणाबाहेर फेकला. मग तो बांधावर उभा राहिला आणि ओरडला. इतकी वर्षे अर्धे बोलणारा माणूस, त्याने त्या दिवशी पुरे बोलायचे ठरवले.

"हैबती! घरात देवी न्हाई! लेक आली न्हाई, नातू सुखरूप हाय! घोडा आजारी हाय, गळू पिकलंय, चीर द्यायला मानसं पायजेत! डहाळा माश्यांसाठी लावला व्हता! माझी चूक झाली, धावा!"

 पहिली ओ हैबतीची आली. मग दुसऱ्या बाजूने आली, मग ओढ्याकडून आली. विळे टाकून माणसे धावली. कोणी शिव्या देत होते, कोणी हसत होते, पण धावत सगळे होते.

हैबतीने पाखऱ्याचे डोके छातीशी कवटाळले. दोघांनी पुढचा पाय उचलून धरला. चौघांनी अंगाला खांदे लावले. मामाने चाकू पुन्हा तापवला आणि एकच चीर दिली. इतका पू वाहिला, की पडवीतली माती भिजली. पाखऱ्याने एक लांब श्वास आत घेतला. त्यात शिटी नव्हती. मग त्याने तोंड खाली घातले आणि पेजेच्या घमेल्यात ओठ बुडवले.

आणि त्याच वेळी गारा आल्या.

मामाचा निम्मा गहू उभा होता, तो आडवा झाला. हैबतीच्या चार पाती राहिल्या होत्या, त्याही झोपल्या. तो सकाळपासून झपाट्याने कापत होता. घोड्याचे डोके धरायला आला नसता तर त्या चार पाती पदरात पडल्या असत्या. पडवीत सगळे दाटीवाटीने उभे राहून पांढऱ्या होत जाणाऱ्या शिवाराकडे बघत होते. 

मामा हैबतीकडे बघत होता. हैबती गप्प होता. सकाळचा मामा असता तर त्याने त्या गप्प बसण्याचा अर्थ लगेच लावला असता. या वेळी त्याने विचारले.

"हैबती, रागावलास?"

"व्हय," हैबती म्हणाला.

"गव्हासाठी?"

"गहू काय, पुढल्या सालीबी येतो. मी वरसभर रागावलोय. पोराची वरात पायी गेली माझ्या. चार पावनं हसले." तो गारांकडेच बघत बोलत होता. "पर राग येगळा आन देवी येगळी. लेकराला देवी आली म्हनल्यावर रागाचं काय?"

मामा म्हणाला, "पाखऱ्याच्या खुरात खिळा रुतला व्हता रे तवा. महिनाभर पाय टेकत नव्हता."

हैबती गर्रकन वळला. "मग तसं सांगायचं की, मामा!"

"तू इचारलं न्हाईस."

"तुम्ही 'न्हाई जमायचं' म्हणून दार लावून घेतलंत. कुठं इचारू, दाराला?"

यावर पडवीत कोणीतरी फिस्सकन हसले, आणि मग बरेच जण हसले. मामा हसला नाही. तो गर्दीतून वाट काढत सारजापाशी गेला. ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्या भाताला मी लाथ मारली. मला उतारा वाटला."

"मी बघितलं," सारजा म्हणाली. "मला वाटलं, लेकरू गेलं. म्हनून देवीवर रागावलासा. मी रडले, मामा. बांधावर बसून लई रडले."

जे बाळ तिने पाहिलेही नव्हते त्याच्यासाठी ती रडली होती, आणि तेवढा सगळा वेळ मामा तिच्यावर दात खात होता. त्याने फळीवरून नातवाची वाटी काढली, चुलीवरची पेजेची कढई सरकवली, वाटी भरून तिच्या हातात दिली. "आधी खा," तो म्हणाला. "उपास सोड. लेकरू सुखरूप हाय."

पाखऱ्या जगला. पण बोध सांगणाऱ्या गोष्टी शेवटी सगळेच गोड करतात तसे मी करणार नाही. चीर दुपारी बसायला हवी होती, ती संध्याकाळी बसली. तेवढ्या वेळात त्या गळवाने घोड्याच्या गळ्यातले काहीतरी कायमचे दाबून टाकले. पाखऱ्या पुढे चार वर्षे चालला, पेंढ्या वाहिल्या, बाजाराला गेला. वैशाखात मामाचा नातू आला तेव्हा त्याला पाठीवर बसवून गावभर फिरला. पण त्याचा आवाज परत आला नाही. खिंकाळायला तोंड उघडी, तर नुसता वारा बाहेर पडे.

भूक लागली, तहान लागली, खुरात काही रुतले, काहीच त्याला सांगता येत नसे. म्हणून मामा दिवसातून दहा वेळा त्याच्यापाशी जाऊन उभा राही, पायांवरून हात फिरवी, पोटावर हात ठेवी, आणि विचारी, "काय होतंय, बाबा?" विचारायची ही सवय त्याला अशी लागली, की पुढे तो माणसांनाही विचारू लागला. गाव त्याला कंटाळले म्हणा ना. पण त्याच्या कुंपणापाशी आता एकाऐवजी चार हाका येत, आणि तो प्रत्येक हाकेला पुरी ओ देत असे.

मात्र पाखऱ्या मुक्याने तोंड उघडी, त्या प्रत्येक वेळी मामाला ती दुपार आठवे. बांधावर उभे राहून 'का रे?' एवढे दोन शब्द तो बोलला नव्हता. त्या दोन शब्दांची भरपाई घोड्याने आपल्या आवाजाने केली होती.

म्हणून ऐका, लहानांनो आणि थोरांनो: दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ आपल्या मनाने लावू नये, तो त्यालाच तोंडाने विचारावा.